गेमिंग कन्सोलसाठी एक्स्टर्नल हार्ड ड्राइव्ह: फॉरमॅट आणि पार्टिशन योग्य क्रमाने कसं करायचं

नवा ड्राइव्ह हातात आला की बरेच जण तो आधी कॉम्प्युटरला लावतात, त्यावर एक पार्टिशन (ड्राइव्हचा वेगळा केलेला भाग) गेमसाठी आणि दुसरं सिनेमा-फोटोंसाठी पाडतात, दुसऱ्यात डेटाही भरून ठेवतात आणि मग कन्सोलला जोडतात. कन्सोल फॉरमॅट करू का, म्हणजे ड्राइव्ह पुसून आपल्या पद्धतीने मांडू का, असं विचारतो. ‘हो’ म्हटलं की दोन्ही पार्टिशन्स जातात आणि भरलेला डेटाही जातो. कारण साधं आहे: प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स गेमसाठी ड्राइव्हचा एक भाग घेत नाही, अख्खा ड्राइव्ह ताब्यात घेतो. म्हणून कॉम्प्युटरवर काय करायचं आणि कन्सोलवर काय सोडायचं, हे आधी पक्कं करावं लागतं. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा टप्पा तुम्हाला लागू नसेल तर सोडा, पण क्रम उलटा करू नका.

## टप्पा १: ड्राइव्ह कशासाठी हवा आहे ते ठरवा

गेम साठवण्यासाठी हवा असेल, तर फॉरमॅट कन्सोलच करणार. कॉम्प्युटरवर पाडलेल्या पार्टिशनचा इथे काहीही उपयोग नाही.

व्हिडिओ, गाणी, स्क्रीनशॉट किंवा कन्सोलचा बॅकअप ठेवायचा असेल, तर फॉरमॅट कॉम्प्युटरवर करायचं आणि कन्सोलने ‘गेमसाठी फॉरमॅट करू का’ असं विचारलं तर नकार द्यायचा.

विंडोज किंवा लिनक्सवर चालणाऱ्या हँडहेल्डसाठी (हातात धरून खेळायच्या छोट्या गेमिंग उपकरणासाठी) किंवा गेमिंग कॉम्प्युटरसाठी हवा असेल, तरच पार्टिशन पाडण्यात अर्थ आहे.

एकाच ड्राइव्हवर कन्सोलचे गेमही हवेत आणि कॉम्प्युटरच्या फाइल्सही हव्यात, हा हट्ट सोडून द्या. दोन कामं असतील तर दोन ड्राइव्ह ठेवा. त्यातला दुसरा छोटा आणि जुना असला तरी चालतो.

आणखी एक गोष्ट ड्राइव्ह घेण्याआधीच माहीत हवी. प्लेस्टेशन ५ चे गेम यूएसबी ड्राइव्हवर ठेवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत. खेळायच्या वेळी ते आतल्या स्टोरेजमध्ये परत आणावे लागतात. प्लेस्टेशन ४ चे गेम मात्र त्याच ड्राइव्हवरून थेट चालतात. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसवरही तसंच आहे: त्या पिढीसाठी खास बनवलेले गेम यूएसबी ड्राइव्हवर फक्त साठवता येतात, जुन्या पिढ्यांचे गेम थेट चालतात. निन्टेन्डो स्विचवर यूएसबी हार्ड ड्राइव्हवरून गेम चालतच नाहीत, तिथे मेमरी कार्डच घ्यावं लागतं.

## टप्पा २: ड्राइव्ह, केबल आणि पोर्ट तपासा

‘कन्सोल ड्राइव्ह ओळखत नाही’ या तक्रारीत फॉरमॅटचा दोष असतोच असं नाही. पुष्कळदा केबल किंवा पोर्ट चुकीचा असतो. हा टप्पा लोक घाईत उडवतात, म्हणून इथे जरा थांबा.

क्षमता: प्लेस्टेशन ४ आणि ५ ला किमान २५० जीबी आणि जास्तीत जास्त ८ टीबीचा ड्राइव्ह लागतो. एक्सबॉक्स वन आणि त्यानंतरच्या कन्सोलना गेमसाठी किमान १२८ जीबी हवेत.

वेग: यूएसबी ३.० किंवा त्यापुढचाच हवा. हे ड्राइव्हला, केबलला आणि पोर्टला, तिन्हींना लागू आहे. तिघांपैकी एकही यूएसबी २.० चा असेल तर संपूर्ण जोडणी त्याच वेगावर येते आणि कन्सोल ड्राइव्ह गेमसाठी नाकारतो.

केबलमधली एक फसगत ओळखून ठेवा. छोट्या पोर्टेबल ड्राइव्हवर बहुधा रुंद, दोन भागांचं मायक्रो-बी सॉकेट असतं. त्या सॉकेटच्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलच्या चार्जरची केबलही व्यवस्थित बसते. ड्राइव्ह सुरू होतो, दिवा लागतो, कॉम्प्युटरवर फाइल्सही दिसतात. पण जोडणी यूएसबी २.० ची झालेली असते. केबलचं टोक सॉकेटची पूर्ण रुंदी भरतंय का, ते डोळ्यांनी बघून घ्या.

पोर्टचंही तसंच. २०२० मध्ये आलेल्या पहिल्या प्लेस्टेशन ५ वर पुढच्या बाजूला असलेला चौकोनी टाइप-ए पोर्ट यूएसबी २.० चा आहे. गेमचा ड्राइव्ह तिथे लावायचा नाही, मागच्या दोनपैकी एका टाइप-ए पोर्टला लावायचा. नंतरच्या बारीक मॉडेलवर पुढे दोन टाइप-सी पोर्ट आहेत आणि त्यातला एकच वेगवान आहे. मागचे पोर्ट वापरले की हा प्रश्नच उरत नाही.

वीज: अडीच इंची ड्राइव्ह पोर्टमधून मिळणाऱ्या विजेवर चालतो. साडेतीन इंची ड्राइव्हला स्वतःचा अडॅप्टर लागतो. ड्राइव्हमधून टक-टक आवाज येत असेल किंवा तो मध्येच बंद पडत असेल, तर वीज अपुरी पडत असण्याची शक्यता आधी तपासा.

सावधान: प्लेस्टेशनला गेमचा ड्राइव्ह यूएसबी हबमधून (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या उपकरणातून) जोडू नका. थेट कन्सोलच्या पोर्टलाच लावा.

## टप्पा ३: डेटा बाहेर काढा, ड्राइव्हची तब्येत बघा

ड्राइव्ह वापरलेला असेल तर त्यातलं सगळं दुसऱ्या जागी कॉपी करा. कॉपी झाल्यावर चार-पाच फाइल्स नवीन जागेवरून उघडून बघा. फोल्डर दिसतं म्हणजे फाइल शाबूत आहे, असं होत नाही.

मग ड्राइव्हची अवस्था पाहा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन ड्राइव्हने स्वतःच नोंदवलेली माहिती दाखवतं. त्यात बदललेल्या सेक्टर्सची (ड्राइव्हवरच्या साठवणीच्या छोट्या तुकड्यांची) संख्या आणि प्रलंबित सेक्टर्सची संख्या या दोन ओळी शोधा. दोन्हीकडे शून्य असेल तर पुढे जा. प्रलंबित सेक्टर्स दिसत असतील, तर तो ड्राइव्ह गेमसाठी वापरू नका. शंभर जीबीचा गेम डाउनलोड करून अशा ड्राइव्हवर ठेवणं म्हणजे तोच गेम पुन्हा डाउनलोड करण्याची तयारी आहे.

क्षमतेचा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. खोक्यावर १ टीबी लिहिलेला ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसतो, २ टीबीचा १.८१ टीबी आणि ४ टीबीचा ३.६३ टीबी. मोजण्याची पद्धत वेगळी आहे, जागा हरवलेली नाही.

जुन्या ड्राइव्हबद्दल शंका असेल तर विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून एकदा पूर्ण फॉरमॅट करा. ते ड्राइव्हच्या प्रत्येक जागेवर लिहितं आणि खराब सेक्टर शोधतं. वेळ मात्र लागतो: सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर २ टीबीला साडेपाच तासांच्या आसपास. नव्या ड्राइव्हला क्विक फॉरमॅट पुरतं.

## टप्पा ४: कॉम्प्युटरवर ड्राइव्ह कोरा करा

हे सगळ्यांना लागत नाही. ड्राइव्ह नवाकोरा असेल आणि फक्त गेमसाठी हवा असेल, तर सरळ टप्पा ५ वर जा. ड्राइव्हवर आधीची पार्टिशन्स असतील, तो आधी मॅकवर किंवा दुसऱ्या कन्सोलवर वापरलेला असेल, किंवा कन्सोल तो ओळखतच नसेल, तर आधी तो साफ करणं बरं.

लपलेली छोटी पार्टिशन्स इथे त्रास देतात. मॅकवर जीपीटी (पार्टिशन्सची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) वापरून फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हच्या सुरुवातीला सुमारे २०० एमबीचं ईएफआय पार्टिशन (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या फाइल्ससाठीचं) तयार होतं. ते फाइल एक्सप्लोररमध्ये दिसत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतं, पण तिथून काढता येत नाही, कारण काढण्याचा पर्याय फिकट झालेला असतो. काही जुनी उपकरणं फक्त पहिलं पार्टिशन वाचतात. त्यांना हे छोटं पार्टिशन मिळतं आणि ड्राइव्ह ‘रिकामा’ किंवा ‘अयोग्य’ ठरतो.

विंडोजवर हे डिस्कपार्ट या आतल्याच साधनाने साफ करा. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या आहेत: diskpart, list disk, select disk आणि clean.

१. बाकीचे सगळे पेनड्राइव्ह आणि एक्स्टर्नल ड्राइव्ह काढून ठेवा. आपला ड्राइव्हही अजून लावू नका.

२. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, ‘डिस्कपार्ट’ चालवा आणि ‘लिस्ट डिस्क’ द्या. आता दिसतात ते कॉम्प्युटरच्या आतले ड्राइव्ह.

३. आपला ड्राइव्ह जोडा आणि ‘लिस्ट डिस्क’ पुन्हा द्या. जी ओळ नव्याने आली तो तुमचा ड्राइव्ह. तिचा क्रमांक आणि आकार कागदावर लिहून घ्या.

४. ‘सिलेक्ट डिस्क’ आणि तो क्रमांक द्या. आता ‘लिस्ट डिस्क’ तिसऱ्यांदा द्या. निवडलेल्या डिस्कच्या ओळीपुढे एक तारांकित खूण दिसते. ती बरोबर ओळीवर आहे का बघा.

५. मगच ‘क्लीन’ द्या.

सावधान: ‘क्लीन’ आज्ञा ‘नक्की का?’ असं विचारत नाही. एंटर दाबलं की पार्टिशन्सची नोंद गेली. म्हणूनच चौथी पायरी गाळू नका. डिस्क ० बहुधा कॉम्प्युटरचा स्वतःचा ड्राइव्ह असतो, पण ‘बहुधा’वर विसंबू नका. आकार जुळवून बघा.

यानंतर डिस्कपार्ट बंद करा आणि डिस्क मॅनेजमेंट उघडा. ड्राइव्ह इनिशियलाइझ करा (त्यावर पार्टिशन्सची नवी नोंद तयार करा), त्यावर एकच पार्टिशन पूर्ण आकाराचं बनवा आणि एक्सफॅटमध्ये (फाइल्स मांडण्याच्या एका पद्धतीत) फॉरमॅट करा. गेमसाठी कन्सोल हे पुन्हा पुसणारच आहे, तरीही असं करा. पूर्ण कोऱ्या ड्राइव्हपेक्षा एक साधं पार्टिशन असलेला ड्राइव्ह कन्सोलपुढे ठेवणं जास्त खात्रीचं.

मॅकवर डिस्क युटिलिटीत आधी ‘व्ह्यू’ मेनूमधून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडा. हे केलं नाही तर फक्त आतला व्हॉल्यूम दिसतो आणि तोच पुसला जातो, ड्राइव्हची मूळ रचना तशीच राहते. डावीकडच्या यादीत सर्वांत वरची, ड्राइव्हच्या कंपनीच्या नावाची ओळ निवडा, एक्सफॅट घ्या आणि ड्राइव्ह २ टीबी किंवा कमी असेल तर स्कीममध्ये ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ (एमबीआर, पार्टिशन्सची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत) घ्या. म्हणजे ते २०० एमबीचं पार्टिशन बनतच नाही.

लिनक्सवर जीपार्टेड पुरेसं आहे. वरच्या कोपऱ्यातल्या यादीतून योग्य डिस्क निवडली आहे ना, हे आकारावरून पडताळा.

## टप्पा ५: गेमसाठी असेल तर कन्सोललाच फॉरमॅट करू द्या

प्लेस्टेशन ४: सेटिंग्जमध्ये डिव्हायसेस, त्यात यूएसबी स्टोरेज डिव्हायसेस. ड्राइव्ह निवडा आणि ‘फॉरमॅट अ‍ॅज एक्स्टेंडेड स्टोरेज’ दाबा. ही सोय मार्च २०१७ मधल्या ४.५० अपडेटपासून आहे. त्याआधीचं सॉफ्टवेअर असेल तर आधी अपडेट करा.

प्लेस्टेशन ५: सेटिंग्जमध्ये स्टोरेज, त्यात यूएसबी एक्स्टेंडेड स्टोरेज, तिथे फॉरमॅटचा पर्याय.

एक्सबॉक्स: ड्राइव्ह लावला की कन्सोल स्वतःच विचारतो, गेमसाठी फॉरमॅट करायचा की मीडियासाठी तसाच ठेवायचा. ही सूचना निसटली तर सेटिंग्जमधल्या सिस्टिम विभागात स्टोरेजची यादी असते. तिथून ड्राइव्ह निवडून फॉरमॅट करता येतो. ड्राइव्हला ओळखू येईल असं नाव द्या. पुढे दुसरा ड्राइव्ह लावलात तर गोंधळ होत नाही.

फॉरमॅट चालू असताना कन्सोल बंद करू नका आणि केबलला हात लावू नका.

प्लेस्टेशन ४ वर फॉरमॅट केलेला ड्राइव्ह प्लेस्टेशन ५ ला तसाच चालतो, पुन्हा फॉरमॅट करायची गरज नाही. नवा कन्सोल घेतल्यावर सवयीने फॉरमॅट दाबून जमवलेले गेम घालवू नका.

तपासा: फॉरमॅट झाल्यावर स्टोरेजच्या यादीत ड्राइव्ह आणि त्याची मोकळी जागा दिसायला हवी. गेम इन्स्टॉल होण्याची जागा कोणती निवडलेली आहे तेही बघा. ती बदलायची राहिली तर सगळे गेम आतल्याच स्टोरेजमध्ये जात राहतात. प्लेस्टेशन ५ वर पीएस४ गेमसाठी ही जागा वेगळी ठरवता येते.

सेव्ह डेटाबद्दल बराच गैरसमज आहे. प्लेस्टेशनवर गेमची प्रगती या ड्राइव्हवर जात नाही, ती कन्सोलच्या आतच राहते. ड्राइव्ह दुसऱ्या घरी नेला म्हणजे तुमचं सेव्हही सोबत गेलं, असं समजू नका. त्याचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

## टप्पा ६: फाइल्स आणि बॅकअपसाठी असेल तर

इथे फाइल सिस्टिम, म्हणजे ड्राइव्हवर फाइल्स मांडण्याची पद्धत, महत्त्वाची. प्लेस्टेशन ४ आणि ५ फाइल्ससाठी एक्सफॅट आणि फॅट३२ वाचतात, एनटीएफएस (विंडोजची नेहमीची पद्धत) वाचत नाहीत. एक्सबॉक्स मीडियासाठी एनटीएफएसही घेतो. दोन्हीकडे, शिवाय विंडोज आणि मॅकवरही चालावं असं वाटत असेल तर एक्सफॅटच घ्या. अ‍ॅलोकेशन युनिटचा (साठवणीच्या सर्वांत छोट्या एककाचा) आकार विंडोज सुचवेल तोच राहू द्या. ३२ जीबीपेक्षा मोठ्या एक्सफॅट पार्टिशनला तो १२८ केबी असतो.

फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. लांब व्हिडिओ कॉपी करताना ‘जागा पुरेशी नाही’ किंवा ‘फाइल फार मोठी आहे’ असं आलं आणि ड्राइव्ह तर अर्धा रिकामा आहे, तर कारण हेच. फॅट३२ चा आग्रह फक्त जुन्या कन्सोलसाठी धरा. प्लेस्टेशन ३ ला एक्स्टर्नल ड्राइव्ह फॅट३२ आणि एमबीआर असाच लागतो, आणि त्यावर गेम इन्स्टॉल होत नाहीत, फक्त मीडिया आणि बॅकअप.

विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत मोठ्या ड्राइव्हला फॅट३२ चा पर्यायच दिसत नाही, कारण तिथे जुनी ३२ जीबीची मर्यादा आहे. रुफस हे मोफत साधन मोठ्या ड्राइव्हला फॅट३२ करून देतं. मात्र त्यात यूएसबी हार्ड ड्राइव्ह दाखवण्याची खूण आधी चालू करावी लागते, नाहीतर फक्त पेनड्राइव्ह दिसतात.

एमबीआर की जीपीटी? २ टीबीपर्यंत आणि जुन्या उपकरणासाठी एमबीआर. त्यापेक्षा मोठ्या ड्राइव्हला जीपीटी. ४ टीबीच्या ड्राइव्हला एमबीआर दिलंत, तर २ टीबीच्या पुढची जागा ‘अनॲलोकेटेड’ म्हणून पडून राहते आणि तिचं काहीच करता येत नाही.

## टप्पा ७: पार्टिशन, विंडोज किंवा लिनक्स हँडहेल्डसाठी

विंडोजवर चालणाऱ्या हँडहेल्डला गेमसाठी एनटीएफएस पार्टिशन द्या. एक्सबॉक्स अ‍ॅपमधून घेतलेल्या गेमना तेच लागतं, एक्सफॅटवर ते इन्स्टॉल होत नाहीत. इतर फाइल्स मॅक किंवा कन्सोलवर उघडायच्या असतील तर दुसरं पार्टिशन एक्सफॅटचं.

आकार आधी कागदावर ठरवा. डिस्क मॅनेजमेंट आकार एमबीत विचारतं, म्हणून हवे तितके जीबी गुणिले १०२४. पाचशे जीबी हवे असतील तर ५१२००० लिहायचं. नंतर बदलू म्हणून सोडू नका: डिस्क मॅनेजमेंट एनटीएफएस पार्टिशन लहान करू शकतं, एक्सफॅट नाही. एक्सफॅटचं चुकलं की पुसून पुन्हा बनवण्याशिवाय इलाज राहत नाही.

जुना टीव्ही किंवा कन्सोलही हा ड्राइव्ह वाचणार असेल, तर त्याला हवं ते पार्टिशन पहिलं ठेवा. विंडोज हँडहेल्डला क्रमाने काही फरक पडत नाही.

विंडोजमध्ये गेमच्या पार्टिशनला ड्राइव्हचं अक्षर स्वतः द्या, वर्णमालेच्या शेवटाकडचं. नाहीतर आधी पेनड्राइव्ह लावलेला असेल तर अक्षर बदलतं आणि गेमची लायब्ररी सापडत नाही.

स्टीम डेकसारख्या लिनक्स हँडहेल्डवर ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) घ्या. एनटीएफएस पार्टिशन तिथे उघडतं, पण विंडोजचे गेम चालवणारा प्रोटॉन नावात विसर्गचिन्हासारखी खूण (:) असलेले दुवे, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या नोंदी, तयार करतो. एनटीएफएसवर ते नीट टिकत नाहीत, एक्सफॅटला तर अशा दुव्यांची सोयच नाही. गेम इन्स्टॉल झाला पण सुरूच होत नाही, अशा वेळी आधी फाइल सिस्टिम बघा.

## टप्पा ८: जोडल्यानंतर, आणि काढताना

एकदम सगळे गेम हलवू नका. आधी एकच गेम हलवा, कन्सोल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, गेम उघडून खेळून बघा. तो नीट चालला की बाकीचे.

ड्राइव्ह काढायचा असेल तेव्हा प्लेस्टेशन ५ वर स्टोरेजमधून, प्लेस्टेशन ४ वर यूएसबी स्टोरेज डिव्हायसेसमधून ड्राइव्ह आधी थांबवा. नाहीतर कन्सोल पूर्ण बंद करा. रेस्ट मोड (कन्सोलची झोपेची अवस्था) म्हणजे बंद नाही. त्या अवस्थेत केबल ओढली की पुढच्या वेळी कन्सोल ड्राइव्हची दुरुस्ती सुरू करतो, आणि दरवेळी सगळं शाबूत मिळेलच असं नाही.

सावधान: कन्सोलने फॉरमॅट केलेला ड्राइव्ह विंडोजला लावला तर ‘फॉरमॅट करा’ किंवा ‘इनिशियलाइझ करा’ अशी खिडकी येते. ड्राइव्ह बिघडलेला नाही, विंडोजला त्याची रचना वाचता येत नाही इतकंच. ‘कॅन्सल’ दाबा आणि ड्राइव्ह काढून घ्या.

## अडलं तर कुठून सुरुवात करायची

ड्राइव्ह अजिबात दिसत नसेल तर आधी केबल बदला, मग मागचा पोर्ट वापरा, मग हब काढा, आणि शेवटी टप्पा ४. दिसतो पण गेमसाठी नाकारला जातो, तर क्षमता आणि यूएसबीचा वेग. कॉम्प्युटरवर दिसतो पण प्लेस्टेशनवर फाइल्स दिसत नाहीत, तर तो एनटीएफएस आहे किंवा त्यावर एन्क्रिप्शन चालू आहे. फॉरमॅट दरवेळी मध्येच फसतं, तर ड्राइव्ह दुसऱ्या केबलने कॉम्प्युटरला लावा आणि टप्पा ३ मधल्या सेक्टर्सच्या त्या दोन ओळी पुन्हा बघा. पहिल्यांदा शून्य असलेला आकडा आता वाढला असेल, तर डेटा असेल तेवढा काढून घ्या आणि ड्राइव्ह बदला.